विणणाऱ्या बाया आणि लोकरीचें दुकान

लोकरीचें दुकान ही आमच्या खेड्यांतील वाचकांच्या फारशी परिचयाची वस्तु नाहीं. तालुक्याच्या गांवीं बांगड्या, रिबिनी, बटणें व दोरा विकणाऱ्या दुकानांत एका कोपऱ्यांत रंगीत गुंडे टांगलेले असतात. घरांत बाळ यावयाचें असलें म्हणजे मावशी किंवा आत्याबाई तेथून चार गुंडे व दोन सुया घेऊन येतात. एवढाच काय तो आपला व त्या दुकानाचा संबंध. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असें एक ठिकाण आहे कीं, जेथें लोकरीचें दुकान हें लोकांच्या जीविताचें एक अंग होऊन बसलें आहे. जेथें विणणाऱ्या बाया दूरदूरच्या देशांहून केवळ त्या दुकानांत पाऊल टाकावें म्हणून येतात, आणि तेथील बायांच्या पंक्तीस बसून दोन घटका सुया चालवून आनंद पावतात. आणि चमत्कार असा कीं, त्याच गांवांत दीडशें वर्षांपूर्वीं विणणारी बाई दुकानाची पायरी चढे ती बहुधा खालीं मान घालूनच चढे. हा पालट कशानें झाला, आणि त्यांत आमच्या भगिनींस घेण्याजोगें काय आहे, हें ह्या पाठांत पाहूं.

तें ठिकाण म्हणजे शेटलंड. स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रांत शंभराच्या आसपास लहानमोठ्या बेटांचा हा पुंजका आहे. त्यांपैकीं सोळाएक बेटांवर वस्ती असून एकंदर माणसें तेवीस हजारांच्या आंतबाहेर, म्हणजे आमच्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढीं. मुख्य गांव लर्विक. १४६९ पर्यंत हीं बेटें नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होतीं. मुलीच्या हुंड्याच्या रकमेपोटीं त्यानें तीं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलीं, आणि तीं पुन्हा सुटलींच नाहींत. (हुंड्यापायीं जमीन गहाण पडते ती आमच्याच देशांत, असें कोणी समजूं नये.) तेथें वारा फार, पाऊस फार, झाडें जवळजवळ नाहींतच. शेताचे तुकडे लहान. आणि त्या शेतांभोंवतींच्या उजाड टेकड्यांवर चरणारीं मेंढरेंहि लहान चणीचीं.

पण त्या मेंढरांची लोकर मोठी नामी. ती मऊ, हलकी व उबदार असते, आणि मूळचेच तिचे रंग इतके कीं न रंगवितांहि वस्त्रांत नक्षी काढतां येते. ह्या रंगांस तेथील लोकांचीं जुनीं नांवें आहेत. तांबूस तपकिरी तो मूरिट. निळसर राखी तो एम्सकेट. काळसर राखाडी तो शेला. ह्या शेल्याचा आमच्या खांद्यावरील शेल्याशीं कांहीं संबंध नाहीं, तथापि शब्द कानास ओळखीचा लागतो खरा. उन्हाळ्याच्या आरंभीं ह्या मेंढरांची लोकर आपोआप सैल पडते. तेव्हां पूर्वीं कातर न लावितां ती हातानेंच उपटून घेत. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. तिचें सूत जाळीदार शालीसाठीं राखून ठेवीत. आमचे धनगर बांधव मेंढ्या कातरून घोंगडीसाठीं लोकर काढितात, परंतु दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती मागावर विणून घोंगडी उत्तम होते, पाऊस व थंडी दोन्ही सोसते, पण बाळाच्या अंगास ती टोंचावयाचीच.

पुरुष मासेमारीस किंवा देवमाशांच्या शिकारीस समुद्रावर गेले म्हणजे घर, शेत, गाई, मुलेंबाळें हें सर्व बायांवर पडे. तेथें लाकूड नाहीं. जळणासाठीं पीट म्हणून एक दलदलींतील माती खणून वाळवितात, आणि ती टोपलींत भरून पाठीवर वाहून आणावी लागे. ह्या बायांचीं जुनीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत: पाठीवर पीटाची भरलेली टोपली, पायांखालीं टेकडीची वाट, आणि दोन्ही हातांत विणकाम चाललेलें! हें साधे कसें? तर कमरेस एक चामड्याचा पट्टा असतो. त्यास घोड्याचे केंस भरलेली भोंकाभोंकांची उशी असते. सुईचें एक टोंक त्या भोंकांत रोवलें म्हणजे तो हात मोकळा होतो व टाके भराभर पडतात. विणकामास त्यांच्या बोलींत ‘मॅकिन’ म्हणजे नुसतें ‘करणें’ असा शब्द आहे. ज्या कामावांचून दिवस जात नाहीं त्यास वेगळें नांव कशास हवें?

अशा हातांनीं काय काय झालें पाहा. अन्स्ट नांवाच्या उत्तरेकडील बेटांतील बाया इतकी तलम शाल विणीत कीं, ती सबंध शाल लग्नाच्या आंगठींतून ओढून काढतां येई. मुंबईकरांच्या जुन्या ओळखीची जी पी. अँड ओ. आगबोट कंपनी, तिच्या संस्थापकांपैकीं आर्थर अँडरसन हे गृहस्थ ह्याच शेटलंडचे. त्यांनीं आपल्या बेटांतील विणकामाचे नमुने व्हिक्टोरिया राणीस नजर केले, आणि थोरामोठ्यांच्या घरीं त्या कामाची चाल पडली. पुढें १९२२ सालीं इंग्लंडच्या युवराजांनीं फेअर आयल नांवाच्या चिमुकल्या बेटाच्या नक्षीचा स्वेटर घालून सेंट अँड्रूज येथें गॉल्फचा खेळ केला. त्याबरोबर सर्व युरोप त्या नक्षीसाठीं वेडावला. ती नक्षी दिसावयास पंचरंगी दिसते, परंतु एका ओळींत दोनच रंग चालतात. एक धागा पुढें विणला जातो तेव्हां दुसरा पाठीमागून जातो. त्यामुळें कापड दुहेरी होऊन ऊबहि दुप्पट मिळते.

एवढी कीर्ति झाली; आतां ती ज्या हातांची होती त्या हातांत काय पडलें तें पाहूं.

एकोणिसाव्या शतकांत शेटलंडांतील बाई आपली शाल किंवा मोजे घेऊन लर्विकच्या व्यापाऱ्याकडे जाई. तो मालाची किंमत ठरवी. पण ती किंमत नाण्यांत देत नसे. तिच्या मोबदल्यांत चहा घ्या, कापड घ्या, दुकानांतील दुसरी चीजवस्तु घ्या, असा रिवाज होता. आज नको असेल तर एक चिठ्ठी मिळे. ती त्याच दुकानांत दाखवून पुढें माल घ्यावयाचा. रोख पैसे मागितले तर नकार मिळे, नाहींतर भाव पाडला जाई. पुष्कळ बाया तर व्यापाऱ्याचीच लोकर आणून विणीत. त्यांचें नांव सदा त्याच्या वहींत अडकलेलें. घरांत पीठ नाहीं, भाड्यास पैसे नाहींत, आणि हातांत मात्र चहाची पुडी! मग ती पुडी घेऊन बाई शेजारणीकडे जाई, आणि तिच्याकडून बटाटे किंवा पीठ मागून घेई. ह्या प्रकाराची चौकशी सरकारनें केली. विल्यम गथ्री ह्या चौकशी-अधिकाऱ्यानें शेकडों साक्षी घेतल्या, त्यांत विणणाऱ्या बायाहि पुष्कळ होत्या. आणि १८७२ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या साक्षींत एक चित्र वारंवार दिसतें: अंगावर दुकानचें बरें कापड आहे आणि चुलीवर कांहीं नाहीं.

व्यापाऱ्यांचेंहि म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणत कीं, विणलेल्या मालांत आम्हांस नफा कांहींच नाहीं, जो काय नफा तो आमच्या दुकानच्या मालावर. रोख देऊं लागलों तर हा धंदाच बसेल. ह्यांत खोटें फारसें नसेल. परंतु आमचें मत असें आहे कीं, जो धंदा बाईच्या हातांत नाणें पडतांच बसतो, तो तिच्या श्रमांवर नव्हे तर तिच्या अडचणीवर उभा असतो. आमच्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. वाण्याच्या वहींत नांव लागलें म्हणजे भाव विचारण्याची जीभ कशी आपोआप आंखडते, हें ज्यानें पाहिलें नाहीं असा मनुष्य आमच्या खेड्यांत विरळा. मोशेच्या नियमशास्त्रानें मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवण्याची मनाई केली ती कांहीं उगीच नव्हे.

१८८७ सालीं इंग्लंडांत जो कायदा झाला त्यानें घरीं बसून विणणाऱ्यांसहि मजुराप्रमाणें संरक्षण दिलें. तरी कायदा कागदावर आणि वहिवाट दुकानांत, असें पुष्कळ वर्षें चाललें. ती वहिवाट खरी मोडली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. त्या काळीं बेटांवर हजारों शिपाई येऊन राहिले. त्यांस घरीं धाडावयास स्वेटर, हातमोजे, शाली हव्या असत, आणि ते रोख पैसे देऊन बायांच्या दारांतूनच माल उचलीत. बाईस प्रथमच गिऱ्हाईक निवडावयास मिळालें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत समुद्रांत तेल सांपडलें. चांगल्या पगाराचीं कामें निघालीं, आणि अनेक बायांनीं विकावयाचें विणकाम सोडूनच दिलें. ज्या कामांत पोट भरत नव्हतें तें टाकल्याबद्दल त्यांस कोण दोष देईल?

आतां आजचें दुकान पाहूं. लर्विक येथें जेमिसन अँड स्मिथ म्हणून लोकरीची पेढी आहे. शेतवाडीवाले आपापल्या मेंढरांची लोकर तेथें आणितात, आणि पेढी ती विकत घेते. लोकरीची प्रत हातानें व डोळ्यानेंच निवडावी लागते: तलम ती शालीसाठीं, मध्यम ती स्वेटरासाठीं, जाडीभरडी ती गालिच्यासाठीं. तीच लोकर सूत होऊन परत येते आणि त्याच पेढीच्या दुकानांत विकली जाते. दुसरी एक जेमिसन नांवाची गिरणी सँडनेस गांवीं आहे. ती बेटांतच सूत काततें, आणि तिचें दुकान लर्विकच्या मुख्य रस्त्यावर आहे. २०११ सालीं शेटलंडच्या अस्सल लोकरीस तिच्या जन्मस्थानाच्या नांवाचें कायदेशीर संरक्षण मिळालें, म्हणजे दुसरीकडची लोकर त्या नांवानें विकतां येऊं नये अशी तजवीज झाली.

अशा दुकानांत भिंतीभर फडताळें असून त्यांत शेंकडों छटांचे गुंडे रचलेले असतात. एक गुंडा पंचवीस ग्रॅमांचा. दोनपदरी सुताचा असल्यास त्यांत सुमारें एकशें पंधरा मीटर धागा निघतो. येथें बाई येते ती अडलेली म्हणून नव्हे. ती गुंडा हातांत घेते, गालास लावून पाहते, दाराशीं नेऊन उजेडांत रंग पाहते, चार रंग जवळ ठेवून पुन्हा दोन परत ठेविते. गल्ल्यापलीकडील बाई स्वतः विणणारी असते, ती मालाची स्तुति करीत बसत नाहीं, तर विचारते, “कोणासाठीं विणतां? वय काय? थंडी कितपत?” आणि कधीं कधीं स्वस्त सूतच चांगलें असेंहि सांगते. दुकानदाराची परीक्षा आम्ही तरी येथेंच करूं.

आमच्या भगिनींपैकीं ज्या तालुक्याच्या किंवा शहराच्या दुकानांत लोकर आणावयास जातात त्यांनीं ह्यांतील दोन-तीन गोष्टी अवश्य ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, आमच्याकडे लोकर म्हणून जें विकतात तें पुष्कळदां मेंढीच्या अंगावरचें नसतेंच. तें ॲक्रिलिक म्हणजे कारखान्यांत केलेलें सूत असतें. तें वाईट असें नव्हे; धुण्यास सोपें, किंमतीस थोडें, पण ऊब कमी आणि चुलीजवळ धोक्याचें, कारण तें आगीजवळ वितळतें व कातडीस चिकटतें. म्हणून विचारून घ्यावें. दुसरी, सबंध कामास लागणारे गुंडे एकदांच घ्यावे आणि त्यांवरील चिठ्ठींत रंगाच्या खेपेचा आंकडा एकच आहे ना तें पाहावें. मागाहून आणलेला गुंडा त्याच रंगाचा म्हणून मिळतो, आणि विणून झाल्यावर छातीवर पट्टा उमटतो. तिसरी, एकदम स्वेटरास हात न घालतां चार बोटें लांबीरुंदीचा चौकोन विणून त्यांतील टाके मोजावे. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट; पुस्तकांतील टाक्यांची संख्या पुस्तक लिहिणारीच्या हाताची असते, आपल्या नव्हे. ह्या चौकोनाचा कंटाळा करणाऱ्या बाईचा स्वेटर बहुधा धाकट्या दिरास होतो. (आम्हांस स्वतःस सुलट टाका कोणता व उलट कोणता हें अद्यापि ओळखतां येत नाहीं, पण ज्यांस येतें त्यांस विचारूनच आम्ही हें लिहीत आहों.)

दुकान चांगलें असलें तरी तेवढ्यानें विणणाऱ्यांची मंडळी होत नाहीं. ती शेटलंडांत कशी झाली? २०१० सालापासून तेथें वर्षांतून एक लोकरीचा सप्ताह भरूं लागला, बहुधा सप्टेंबराच्या अखेरीस. वर्ष वर्षाला एका विणणाऱ्या व्यक्तीस त्या सप्ताहाचा मान देत. ती एका टोपीचा नमुना तयार करी, आणि तो नमुना फुकट वांटला जाई. मग अमेरिकेंतील, जपानांतील, नॉर्वेंतील बाया आपापल्या घरीं ती टोपी आपल्या आवडीच्या रंगांत विणून डोक्यावर घालून येत. बोटीवरून उतरतांच एकमेकींस ओळखावयास नांव विचारण्याचें कारण पडत नसे. टोपी पाहिली कीं पुरे. एकच नमुना, पण एकीची टोपी दुसरीसारखी नाहीं. २०२० सालीं साथीच्या रोगामुळें लोकांस एकत्र जमतां आलें नाहीं, तेव्हां घरोघर बसूनच तो पाळावा लागला.

बेटांतील खेडोपाडीं सार्वजनिक दिवाणखाने आहेत. तेथें गांवच्या बाया घरचे केक व चहा मांडून आदित्यवारीं दुपारीं लोकांस बोलावितात आणि जमलेला पैसा गांवकामीं लावितात. ही जुनी चाल. अशा ठिकाणीं विणकाम पिशवींतून निघालें म्हणजे जें शिक्षण होतें तें पुस्तकानें होत नाहीं. पाहुणी म्हातारीच्या पट्ट्याकडे बघते. म्हातारी कांहीं न बोलतां तो सोडून तिच्या कमरेस बांधते. निसटलेला टाका पांच ओळी खालीं पळाला असेल तर तो वर कसा चढवावा, हें समोर पाहिल्यानें एका मिनिटांत कळतें. लिहून सांगावयास पान पुरत नाहीं. आमच्या बायांसहि हें नवें नाहीं. पापड लाटावयास, शेवया वळावयास, गोधडीस टाके घालावयास चार घरच्या बाया एकत्र बसतात, तेव्हां हात चालतात, तोंडें चालतात, आणि नव्या सुनेस न शिकवितां शिकवणूक होते.

परंतु ही शिकवणूक आपोआप टिकते असें समजूं नये. शेटलंडांत प्राथमिक शाळांतून मुलांस विणकाम शिकवीत असत. २०१० सालीं, म्हणजे ज्या वर्षीं तो सप्ताह सुरू झाला त्याच वर्षीं, तेथील कौन्सिलानें खर्चाच्या अडचणीस्तव हे वर्ग बंद केले. परदेशच्या बाया जी विद्या पाहावयास येऊं लागल्या तीच गांवच्या मुलांच्या हातून निघून चालली! तेव्हां कांहीं लोकांनीं हा भार उचलला. २०१४ सालापासून ‘पीरी मॅकर्स’ ह्या नांवानें स्वयंसेवक वर्ग चालवूं लागले. पीरी म्हणजे तेथील बोलींत लहान. मुलगे व मुली दोघेंहि बसतात. त्यांस प्रथमपासून त्या कमरपट्ट्यानेंच विणावयास शिकवितात, आणि शिकविणाऱ्या बाया वेतन घेत नाहींत. ह्या बायांचें काम आम्हांस त्या सप्ताहाच्या गर्दीहून मोठें वाटतें.

एक प्रश्न मात्र तेथेंहि सुटलेला नाहीं, आणि तो आमच्या भगिनींचा आहे म्हणून तो टाळून चालणार नाहीं. आपल्या आनंदासाठीं विणणारी बाई सुखी आहे. परंतु विकण्यासाठीं हातानें विणणारीस योग्य मोल मिळतें काय? नक्षीच्या एका स्वेटरास कित्येक आठवडे लागतात. त्या तासांची साध्या मजुरीच्या दरानें बेरीज केली तर जी किंमत निघते ती ऐकून गिऱ्हाईक दाराबाहेर पडतें. यंत्रावरचा स्वेटर शेजारच्या दुकानांत थोडक्यांत मिळतो. म्हणून तेथील बऱ्याच बाया आतां विणलेली वस्तु विकण्यापेक्षां नमुने लिहून विकतात, शिकवणीचे वर्ग घेतात, किंवा यंत्र व हात मिळून काम करितात.

आमच्यांतील कोणी विधवा किंवा लेंकुरवाळी बाई बाळाची कुंची, टोपडीं किंवा स्वेटर विणून चार पैसे मिळवूं पाहत असेल, तर तिनें आरंभापासून एक लहान वही आपल्यापाशीं ठेवावी. एका बाजूस लोकर, बटणें व गाडीभाडें. दुसऱ्या बाजूस विणावयास बसली त्या दिवसाची तारीख व तास. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवावें. पहिल्या तीन वस्तूंचा हिशेब झाल्यावांचून भाव बोलूं नये. आणि दुकानदार माल ठेवून घेऊन “विकल्यावर बघूं” म्हणाला, तर किती दिवसांत व किती, हें त्याच्या सहीनें त्याच वहींत उतरून घ्यावें. लोकर उधार आणूं नये, मग एक गुंडा आणून एक टोपडेंच करावें लागलें तरी चालेल. टोपड्यास एक गुंडा बहुधा पुरतो, आणि तें तीन-चार संध्याकाळींत होतें.